चक्र गोलच दिसले पाहिजे

गेल्या स्वातंत्र्यदिनी सकाळी मी नागपूरच्या महाल भागात आत्याकडे होते. लाल किल्ल्यावरचा समारंभ सुरू होण्याआधी पडद्यावर तिरंग्याचे एक स्थिर चित्र बराच वेळ होते आणि त्यातले अशोकचक्र मला काही केल्या गोल दिसेना. तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवल्यावर वर्तुळ आणि लंबवर्तुळ यांतला फरक डोळ्यांना टोचतोच. आत्याच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मी ते चक्र पडद्यावरच मोजले. ते ८ सेंटिमीटर उंच आणि ६ सेंटिमीटर रुंद भरले. आत्या म्हणाली, "अगं, कधीची विचारून राहिली मी, हे सगळे लोक असे वाळल्यासारखे काऊन दिसतात म्हणून!" बातम्या देणाऱ्या मुलीपासून कीर्तनकारांपर्यंत सगळी माणसे उभट आणि कृश दिसतात, हे तिच्या लक्षात आलेच होते. टीव्ही जुना झाला म्हणून असे होत असेल, असे ती आधी धरून चालली आणि पुढे मोतीबिंदूचे निदान झाल्यावर दोष आपल्या डोळ्यांचाच असेल, अशी तिने समजूत करून घेतली. शस्त्रक्रिया झाली, डोळे स्वच्छ झाले, पण माणसे वाळलेलीच राहिली.

त्या घरात दोष ना टीव्हीत होता, ना तिच्या डोळ्यांत. ८ ला ६ म्हणजे ४ ला ३, आणि हे प्रमाण योगायोगाने आलेले नव्हते. आत्याचा टीव्ही २१ इंची, काचेच्या पिक्चर ट्यूबचा आहे, ज्याला आपल्याकडे सर्रास डब्बा टीव्ही म्हणतात, आणि त्याच्या पडद्याची रुंदी व उंची ४:३ या प्रमाणात आहे. येणारे प्रक्षेपण मात्र १६:९ या रुंद चौकटीचे होते. ते अख्खे चित्र दोन्ही बाजूंनी दाबून, तीन-चतुर्थांश रुंदीत कोंबून तिच्या पडद्यावर उभे केले जात होते. टीव्हीशेजारच्या सेट टॉप बॉक्समध्ये टीव्हीचा प्रकार '१६:९' असा नोंदवलेला होता आणि बॉक्स बसवून गेल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नव्हता.

घरगुती वाटणाऱ्या या गोष्टीत सार्वजनिक प्रश्न आहे, असे मला वाटते. चित्राचा आकार प्रेक्षक ठरवत नाही. तो चित्र पाठवणारा ठरवतो आणि ते घरात पोहोचवणारा ठरवतो. म्हणून जुन्या पडद्यावर माणसांची तोंडे सरळ दिसतील, अक्षरे कापली जाणार नाहीत आणि वाचता येतील, एवढे पाहण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे. नवा टीव्ही घेण्याचा सल्ला देऊन ती संपत नाही.

आकारांचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे, कारण ४:३ ही चौकट मागासलेली आणि १६:९ ही प्रगत, असा समज सर्वत्र दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडिसनच्या प्रयोगशाळेत त्यांचे सहकारी डिक्सन यांनी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर कडेच्या चार छिद्रांएवढ्या उंचीचे चित्र ठरवले, त्यातून ही ४:३ ची चौकट आली; सिनेमाने ती स्वीकारली आणि पुढे टीव्हीने सिनेमाकडून घेतली. १९५९ साली दिल्लीत सुरू झालेले आपले दूरदर्शन, १९८२ चे रंगीत प्रक्षेपण, आणि ऐंशीच्या दशकात गच्चीवर चढून सेमिनरी हिल्सवरच्या टीव्ही मनोऱ्याच्या दिशेने अँटेना वळवताना "आता दिसतंय का?" म्हणून खाली हाक मारणारी आमची पिढी, हे सारे याच चौकटीत घडले. १६:९ चा आकार १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने सुचवला. त्या वेळी प्रचलित असलेल्या वेगवेगळ्या चौकटींचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत त्याने एकावर एक मांडले, तेव्हा त्या सर्वांना बाहेरून सामावणारा आणि आतून सर्वांना समान असणारा आयत एकाच प्रमाणाचा, साधारण १.७७ चा, म्हणजेच १६:९ चा, निघाला. चौकोनी टीव्ही आणि अतिरुंद सिनेमा यांच्यातला तो काढलेला मध्य आहे. मला ही कृती फार सुंदर वाटते आणि सातवी-आठवीच्या मुलांना ती मी फळ्यावर करून दाखवत असे. १६:९ चा जन्मच तडजोडीतून, सर्व आकारांना सांभाळून घेण्याच्या विचारातून झाला आहे, आणि नेमका तोच विचार आज प्रक्षेपणातून गळाला आहे.

आता तो बॉक्स घरात कसा आला ते पाहू. केबल दूरचित्रवाणी कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि देशभर टप्प्याटप्प्याने डिजिटल केबल सक्तीची झाली. नागपूर दुसऱ्या टप्प्यात होते. त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. तोपर्यंत केबलवाल्याची तार थेट टीव्हीच्या पाठीत खोचली की चित्र येत असे, त्यात बिघडण्यासारखी कोणतीही नोंद नव्हती. मुदतीनंतर प्रत्येक टीव्हीशेजारी बॉक्स आला. तो प्रेक्षकाने मागितलेला नव्हता. कायद्याने आणलेला होता. डिजिटल केबलचे फायदे मी नाकारत नाही. पण कायद्याने ज्या यंत्रावर प्रेक्षकाला अवलंबून केले, ते त्याच्या टीव्हीशी नीट जुळवून देण्याचे कामही त्या व्यवस्थेने अंगावर घ्यायला हवे होते. आमच्या भागात बॉक्स बसवायला आलेल्या मुलाने लाल-पिवळी-पांढरी तार जोडली, चित्र आल्याचे पाहिले, सही घेतली आणि तो पुढच्या घरी गेला. एका दिवसात किती घरे करायची हे त्याला वरून ठरवून दिलेले असणार, म्हणून मी त्याला दोष देत नाही. टीव्ही कोणत्या आकाराचा आहे हे विचारण्याची जागाच त्याच्या कामाच्या कागदावर नव्हती, हा खरा दोष आहे.

तांत्रिकदृष्ट्या ही गोष्ट किती लहान आहे, ते सांगते. साध्या दर्जाच्या प्रक्षेपणात चित्र ७२० बिंदू रुंद आणि ५७६ ओळी उंच असते, मग ते ४:३ चे असो वा १६:९ चे. बिंदूंची संख्या बदलत नाही. ते कोणत्या आकारात उलगडायचे हे सांगणारी एक खूण चित्राबरोबर पाठवली जाते. डिजिटल चित्र आटोपशीर करून पाठवण्याच्या एमपेग-२ या पद्धतीत ती खूण फक्त ४ बिटांची असते; बिट म्हणजे डिजिटल माहितीचा सर्वांत लहान अंश. प्रसारकाने ती बरोबर पाठवली आणि बॉक्समध्ये टीव्हीचा प्रकार बरोबर नोंदवलेला असला, तर चक्र गोल दिसते. या दोहोंपैकी एकही चूक असली तर दिसत नाही. पैसा, उपग्रहावरची जागा, नवी यंत्रे, यांपैकी कशाचाही येथे संबंध नाही. फक्त कोणीतरी लक्ष देण्याचा आहे.

रुंद चित्र अरुंद पडद्यावर दाखवण्याचे मार्ग मोजकेच आहेत. दाबून बसवणे हा सर्वांत वाईट, कारण त्यात प्रत्येक वस्तू खोटी होते. दुसरा मार्ग दोन्ही कडा कापून मधला भाग दाखवण्याचा. त्यात पडदा पूर्ण भरतो, पण चित्राचा एक-चतुर्थांश भाग, प्रत्येक बाजूने साडेबारा टक्के, कायमचा जातो. तिसरा मार्ग पूर्ण चित्र दाखवून वर-खाली काळ्या पट्ट्या सोडण्याचा. आत्याच्या २१ इंची पडद्यावर त्या वर दीड आणि खाली दीड इंचाच्या होतात, आणि ५७६ पैकी ४३२ ओळींत चित्र मावते.

मी ठामपणे काळ्या पट्ट्यांच्या बाजूची आहे, आणि या बाबतीत माझे भांडण आपल्या प्रेक्षकांशीही आहे. पडद्याचा काही भाग काळा राहिला म्हणजे आपले पैसे वाया गेले, असे अनेकांना वाटते, आणि "फुल स्क्रीन करून द्या" ही मागणी प्रत्येक दुरुस्तीवाल्याला रोज ऐकावी लागते. चित्राला पासपार्टू, म्हणजे भोवतीचा कोरा पुठ्ठा, लावून चौकटीत बसवताना कडेची कोरी जागा वाया गेली असे कोणी म्हणत नाही. काळी पट्टी तीच जागा आहे. तिच्याकडे पाहायचे नसते, तिच्यामुळे आतले चित्र खरे राहते. नव्या रुंद टीव्हीच्या घरांतही हीच चूक उलट दिशेने होते: जुना ४:३ चा कार्यक्रम ताणून पडदाभर पसरवला जातो, सगळी माणसे बुटकी आणि स्थूल होतात, आणि घरातल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. वर्षानुवर्षे वेडेवाकडे पाहिले की डोळा त्यालाच सरळ मानू लागतो. चित्रकलेच्या शिक्षिकेला याची काळजी वाटणारच.

परंतु पट्ट्या स्वीकारूनही प्रसारकाची जबाबदारी संपत नाही. १९८० च्या दशकातले कार्यक्रम अधूनमधून पुन्हा दाखवतात. ते ४:३ मध्येच चित्रित झालेले आहेत, म्हणजे आत्याच्या टीव्हीच्या मापाचेच. पण वाहिनी त्यांना आधी १६:९ च्या चौकटीत बसवते, तेव्हा त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. मग बॉक्स ती रुंद चौकट आत्याच्या पडद्यावर बसवतो, तेव्हा वर-खालीही पट्ट्या येतात. मधोमध टपाल तिकिटासारखे चित्र उरते. हिशेब केला तर पडद्याचे केवळ ५६ टक्के क्षेत्र वापरले जाते. २१ इंची टीव्हीचा पावणेसोळा इंची होतो. ज्या पडद्यासाठी तो कार्यक्रम घडवला गेला, त्याच पडद्यावर त्याला पूर्ण जागा मिळू नये, याचे मला फार वाईट वाटते. अशा वेळी महत्त्वाचे चित्र चौकटीच्या कोणत्या भागात आहे हे बॉक्सला कळवणारी वेगळी खूण प्रक्षेपणाच्या मानकांत आहे. ती पाठवली आणि बॉक्सने ती वाचली, तर कडेच्या पट्ट्या आपोआप गाळता येतात.

अक्षरांचा प्रश्न तर आपल्या भाषेचाच आहे, आणि त्यावर कोणी बोलताना मी ऐकले नाही. वाहिन्यांच्या खालच्या पट्टीत धावणारा मजकूर आज मोठ्या, स्वच्छ पडद्यांसमोर बसून मांडला जातो. उच्च दर्जाच्या चित्रात १०८० ओळी असतात. त्यात मात्रा-उकारांसह ३० ओळी उंच असलेले अक्षर सुबक दिसते. तेच चित्र आत्याच्या पडद्यावरच्या ४३२ ओळींत आले की त्या अक्षराच्या वाट्याला १२ ओळी उरतात. रोमन लिपीतले मोठे अक्षर १२ ओळींत वाचता येते. देवनागरीत त्याच १२ ओळींत वर वेलांटी, रफार किंवा अनुस्वार, मग शिरोरेषा, मग अक्षराचा देह, आणि खाली उकार, हे सगळे बसवायचे असते. 'मुख्यमंत्र्यांच्या' हा शब्द त्यात कसा दिसतो, हे एकदा जवळ जाऊन पाहावे: काळा-पांढरा गुंता, आणि वर एक थरथरती रेघ.

ती रेघ का थरथरते, याचेही कारण आहे. पिक्चर ट्यूबचा टीव्ही सगळ्या ओळी एका दमात काढत नाही. आधी एकाआड एक ओळी आणि मग उरलेल्या, अशा दोन फेऱ्यांत तो चित्र पूर्ण करतो. सेकंदाला ५० फेऱ्या होतात. शिरोरेषा दोन-तीन ओळी जाड असली तर दोन्ही फेऱ्यांत ती उजळते आणि स्थिर दिसते. ती एकच ओळ उरली, तर दर दोन फेऱ्यांत एकदाच उजळते, म्हणजे सेकंदाला २५ वेळा, आणि डोळ्याला ती फडफडताना जाणवते. रोमन अक्षरांत अशी सलग आडवी रेघ क्वचित असते. आपल्या लिपीत ती प्रत्येक शब्दाच्या माथ्यावर आहे. पाच मिनिटे ती पट्टी वाचल्यावर आत्या डोळे मिटून बसते. मराठी वाहिन्यांनी शिरोरेषा पुरेशी जाड ठेवली आणि अक्षरे थोडी मोठी केली, तर हे टळेल. मराठीतून प्रसारण करणाऱ्यांनीच हे पाहिले नाही, तर दुसऱ्या कोणाकडून ती अपेक्षा करायची?

कोणी म्हणेल, पट्टीतला मजकूर म्हणजे काही फार महत्त्वाची गोष्ट नव्हे. सामन्याची धावसंख्या कापली गेली तर चुकल्यासारखे होते, वर्धा रोडवर जामठ्याला सामना असताना तर फारच, पण तेवढ्याने कोणाचे बिघडत नाही, हे मान्य. मात्र २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एका रात्रीच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि सकाळी शाळांना सुटी जाहीर झाली. अशा सकाळी कोणता भाग पाण्याखाली आहे, कोणता रस्ता बंद आहे, मदतीसाठी कोणता क्रमांक फिरवायचा, हे सगळे खालच्या पट्टीतच येते. 'बंद' वरचा अनुस्वार विरघळला, १ आणि ९ सारखे दिसू लागले, किंवा दूरध्वनी क्रमांकाचे शेवटचे दोन अंक पडद्याच्या कडेपलीकडे गेले, तर ती सूचना दिली असे म्हणता येणार नाही. उन्हाळ्यातले उष्णतेच्या लाटेचे आणि पावसाळ्यातले विजांचे इशारे याच पट्टीतून येतात, आणि ते ज्यांना सर्वांत आधी कळायला हवेत, त्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे, चौकीदारांच्या खोल्यांत, उमरेड-काटोलच्या खेड्यांत डब्बा टीव्ही अजून चालू आहेत.

आता नेहमीच्या उत्तराकडे येते: आठ-दहा हजारांत नवा टीव्ही मिळतो, तो घ्या आणि विषय मिटवा. या म्हणण्यात काही तथ्य आहे. जुन्या टीव्हीला वीज जास्त लागते, सुटे भाग मिळेनासे झाले आहेत, आणि ज्याला परवडते त्याने नवा घ्यायला कोणाचीच ना नाही. आत्याला तो आम्ही देऊ शकतो, तिलाच तो नको आहे. चालती वस्तू टाकायची नाही, अशा संस्कारात तिचे आयुष्य गेले. त्या काचेत शिसे असते आणि ती कुठेही फोडून टाकण्याची वस्तू नव्हे, हा मुद्दाही तिच्याच बाजूचा आहे. पण समजा सर्व जुने टीव्ही उद्या गेले, तरी बॉक्समधली चुकीची नोंद, चुकीची खूण आणि ताणलेली जुनी चित्रे नव्या पडद्यावरही तशीच राहतील. चार बिटांची काळजी न घेण्याची सवय टीव्ही बदलून जात नाही.

शिवाय हे काम इतरत्र झालेले आहे. ब्रिटनमध्ये १९९८ साली रुंद डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा बहुतेक घरांत ४:३ चेच टीव्ही होते. तिथल्या प्रसारकांनी १४:९ ही मधली चौकट वापरली. कार्यक्रम रुंद चौकटीत चित्रित करायचे, पण चेहरे, नावे, आकडे, सगळा महत्त्वाचा ऐवज मधल्या १४:९ भागात राखायचा, आणि जुन्या टीव्हीवर तेवढा भाग वर-खाली बारीक पट्ट्यांसह दाखवायचा. दोन्ही बाजूंनी मिळून साडेबारा टक्के चित्र जाते, पण जाणारा भाग आकाश, भिंत, पडदा असा असतो. २०१२ मध्ये तिथले जुने प्रक्षेपण पूर्ण बंद होईपर्यंत, म्हणजे चौदा वर्षे, जुन्या टीव्हीच्या प्रेक्षकालाही हिशेबात धरले गेले. आपल्या छायाचित्रणकारांनी कायम चौकोनी चौकटीचा विचार करावा, असे मी सुचवणार नाही. रुंद चौकटीत दोन माणसांमधली मोकळी जागाही बोलते, आणि ती दिग्दर्शकाची आहे. माझी मागणी फक्त लिहिलेल्या मजकुराची आहे. बातम्या, सामने आणि सूचना यांतली अक्षरे मधल्या ४:३ भागात ठेवल्याने कोणाच्या कलेला धक्का लागत नाही.

सार्वजनिक प्रसारकाकडून तर ही अपेक्षा कायद्यानेच करता येते. प्रसार भारतीचा १९९० चा कायदा जनतेला माहिती, शिक्षण आणि मनोरंजन देणे हे संस्थेचे प्राथमिक कर्तव्य मानतो, आणि राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनलाही द्यावेत असा २००७ चा वेगळा कायदा आहे. मासिक शुल्क नसलेली दूरदर्शनची फ्री डिश सेवा घराघरावर छत्री लावून पाहिली जाते, आणि छत्री असलेले घर व जुना टीव्ही असलेले घर पुष्कळदा एकच असते. खासगी सेवांसाठी दूरसंचार नियामकाचे २०१७ चे सेवा-गुणवत्तेचे नियम आहेत. त्यांत ग्राहकाला तक्रारीची सोय आणि माहितीपुस्तिका देणे बंधनकारक आहे. त्या पुस्तिकेत चित्राचा आकार कसा जुळवावा याचे एक पान मराठीत असावे, आणि बॉक्स बसवणाऱ्याच्या कागदावर 'टीव्हीचा आकार विचारला' अशी एक ओळ असावी, एवढेच मागणे आहे.

त्या दिवशी ध्वजारोहण संपल्यावर मी रिमोट घेऊन आत्याच्या बॉक्सची नोंद बदलली. वर-खाली पट्ट्या आल्या, चित्र लहान झाले, आणि आत्या थोडा वेळ नाराज होती. मग पडद्यावरच्या बाईंचा चेहरा भरलेला पाहून तिने खुर्ची पुढे ओढली. चक्र पुन्हा मोजले, ते सगळीकडून ६ सेंटिमीटर भरले. वीज गेली आणि बॉक्स नव्याने सुरू झाला की ती नोंद कधीकधी पुसली जाते, म्हणून मी बॉक्सवर एक कागद चिकटवून ठेवला आहे आणि त्यावर कोणती बटणे कोणत्या क्रमाने दाबायची ते मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. आत्या ते स्वतः करते. पट्टीतली शिरोरेषा मात्र अजून फडफडते; तिच्यासाठी रिमोटवर बटण नाही, ती जिथे अक्षरे मांडली जातात त्या टेबलावरच जाड करावी लागेल.